कळलावी, गाऊटची गोळी आणि पेशीतले हमाल

पायाच्या अंगठ्याचा सांधा रात्रीतून सुजून लालबुंद होतो, अंगावरची चादर लागली तरी माणूस कळवळतो. या गाऊटसाठी आम्ही डॉक्टर एक बारीकशी गोळी लिहून देतो, कॉल्चिसिन. ही गोळी घेणाऱ्या जुन्नर-आंबेगावच्या बहुतेकांना ठाऊक नसतं की तिच्यातलं द्रव्य त्यांच्याच बांधावर उगवतं. श्रावण-भाद्रपदात आहुप्याच्या, भीमाशंकरच्या किंवा नाणेघाटाच्या वाटेने गेलात तर झुडपांवर चढलेली एक वेल दिसेल. पानाचं टोक निमुळतं होत होत तारेसारखं गुंडाळलेलं. फुलाच्या सहा नागमोडी पाकळ्या वर वळलेल्या, तळाशी पिवळ्या आणि टोकाला लाल, पेटलेल्या ज्योतींसारख्या. हीच कळलावी. संस्कृतात तिला अग्निशिखा म्हणतात, आणि कंद नांगरासारखा वाकडा असतो म्हणून लांगली.

या वेलीत आणि गाऊटच्या गोळीत एकच विष आहे. हो, विषच म्हणतो. थोड्या मात्रेत ते ठणका थांबवतं, जास्त झालं तर जीव घेतं. आणि ही दोन्ही कामं ते एकाच पद्धतीने करतं: पेशीच्या आतले रस्ते उखडून. ते रस्ते आहेत हे माणसाला कसं कळलं, त्यांवरून कोण चालतं, आणि त्या शोधात हे विष कुठे कुठे भेटलं, याचा इतिहास आज तुम्हाला सांगतो.

जुन्नरची औषधी बाग

१८३८ मध्ये अलेक्झांडर गिब्सन नावाचा स्कॉटिश सर्जन पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी वनस्पती उद्यानाचा प्रमुख झाला. तेव्हा कंपनी सरकारच्या दवाखान्यांना लागणारी औषधं विलायतेहून जहाजाने येत, महाग पडत. ती इथेच पिकवता आली तर बरं, या विचाराने जुन्नर भागातल्या हिवरे गावी औषधी वनस्पतींची बाग होती. सोनामुखी, खुरासानी ओवा अशी झाडं तिथे लावली जात. हेच गिब्सन १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. जंगल तुटलं की ओढे आटतात, हे त्यांनी सरकारला तेव्हाच बजावलं होतं. डॉक्टरने झाडांची काळजी करावी ही परंपरा आपल्या भागात अशी जुनी आहे.

त्या काळी युरोपात गाऊटवर कॉल्चिकम नावाच्या झाडाचा कंद वापरत. झाड प्राचीन काळापासून ठाऊक होतं, ते विषारी आहे हेही ठाऊक होतं. १८ व्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये हुसाँ नावाच्या माणसाने गाऊटवर एक गुप्त औषध काढलं आणि ते खूप खपलं. १८१४ मध्ये लंडनच्या जॉन वाँट यांनी ते कॉल्चिकमच असल्याचं दाखवलं. १८२० मध्ये पेल्तिए आणि काव्हाँतू या फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी त्यातलं मुख्य द्रव्य वेगळं केलं. क्विनीन शोधणारी जोडी ती हीच.

इथे, हिवऱ्याच्या आसपासच्या कुंपणांवर, कळलावी दर पावसाळ्यात फुलत होती. आयुर्वेदाने तिला उपविषांत घातलेलं, म्हणजे शुद्धी केल्याशिवाय हात लावायचा नाही. नाव कळलावी, कारण अडलेल्या बाळंतिणीला कळा याव्यात म्हणून कंदाचा लेप तळपायाला किंवा बेंबीला लावायची रीत होती. या वेलीत विलायती कॉल्चिकममधलंच द्रव्य आहे, हे मात्र १९१५ मध्ये क्लूअर, ग्रीन आणि ट्यूटिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी दाखवलं. तोवर हिवऱ्याची बाग इतिहासजमा झाली होती.

थांबलेल्या पेशी

आता थोडं युरोपात चला. १८८२ मध्ये वाल्थर फ्लेमिंग यांनी पेशी विभागताना कशी दिसते याचं सविस्तर वर्णन केलं. पेशीच्या मध्यभागी धाग्यांसारखं काहीतरी दिसतं, ते दोन बाजूंना ओढलं जातं, आणि एकीच्या दोन पेशी होतात. कोण ओढतं, हे कुणालाच माहीत नव्हतं.

सात वर्षांनी सिसिलीत, पालेर्मो शहरात, बियाज्यो पर्निचे यांनी कॉल्चिकमने विषबाधा झालेल्या कुत्र्यांची आतडी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. विभागण्याच्या अवस्थेतल्या पेशींची तिथे गर्दी झाली होती. त्यांचं निरीक्षण कुणी मनावर घेतलं नाही. १९३४ च्या सुमारास ब्रुसेल्समध्ये डस्टिन यांच्या प्रयोगशाळेने तेच पुन्हा पाहिलं आणि अर्थ लावला: या पेशी जास्त विभागत नाहीत, विभागता विभागता अडकून पडल्या आहेत. लग्नाच्या दारात वऱ्हाड अडलं की गर्दी दिसते, तशी ही गर्दी.

अडकलेली पेशी हे संशोधकांच्या हातात आलेलं घबाड ठरलं. विभागणी चालू असते तेव्हा गुणसूत्रं एकमेकांत गुंतलेली असतात, मोजता येत नाहीत. माणसात ४८ गुणसूत्रं आहेत असं १९२० च्या दशकापासून सगळे धरून चालले होते. २२ डिसेंबर १९५५ ला स्वीडनमधल्या लुंड इथे ज्यो हिन चियो यांनी कॉल्चिसिन देऊन थांबवलेल्या, पाण्याने फुगवलेल्या पेशींतली गुणसूत्रं मोजली. ४६ भरली. पुन्हा मोजली, पुन्हा ४६. त्यांनी आणि आल्बर्ट लेवान यांनी ते १९५६ मध्ये छापलं. गंमत अशी की दोघेही मुळात वनस्पतींवर काम करणारे, लेवान तर कांद्याच्या मुळांवर कॉल्चिसिनचे प्रयोग करून या विषयात आलेले. आमच्या भागातल्या कांदा उत्पादकांनी ही ओळख मुद्दाम लक्षात ठेवावी.

१९५९ मध्ये डाउन सिंड्रोमच्या मुलांत ४७ गुणसूत्रं असतात हे कळलं. वारंवार गर्भपात होणाऱ्या जोडप्याला आम्ही आज कॅरिओटाइप करायला सांगतो, तेव्हा पुण्याच्या प्रयोगशाळेत तुमच्या रक्तातल्या पेशी अशाच कॉल्चिसिनने किंवा त्याच्या भावंडाने थांबवून गुणसूत्रं मोजतात.

रस्ता सापडला, मग हमाल सापडले

विष पेशीला थांबवतं हे कळलं, पण कशाला धरून थांबवतं? १९६० च्या दशकात शिकागो विद्यापीठात एडविन टेलर आणि गॅरी बोरिसी यांनी कॉल्चिसिनला किरणोत्सारी खूण लावली आणि ते पेशीत कुठे जाऊन चिकटतं ते पाहिलं. एका प्रथिनाला चिकटत होतं. विभागणाऱ्या पेशींत ते भरपूर असणार हे अपेक्षितच होतं. पण ते मेंदूतही भरपूर निघालं. मेंदूतल्या चेतापेशी तर विभागतच नाहीत! मग विभागणीचं सामान तिथे कशाला?

या प्रथिनाला १९६८ मध्ये ट्युब्युलिन हे नाव मिळालं. त्याचे कण एकावर एक रचले जाऊन पोकळ नळ्या तयार होतात, त्या सूक्ष्मनलिका. मेंदूचं कोडं सुटलं ते या नळ्यांकडे रस्ता म्हणून पाहिल्यावर. तुमच्या कमरेजवळच्या चेतापेशीचा एक धागा थेट पायाच्या बोटापर्यंत जातो, जवळजवळ एक मीटर. माल तयार होतो कमरेजवळ, लागतो बोटाला. नुसता तरंगत सोडला तर तो आयुष्यभरात पोचणार नाही. प्रत्यक्षात काही माल दिवसाला ४०० मिलिमीटरपर्यंत वेगाने जातो, म्हणजे अडीच-तीन दिवसांत बोटापर्यंत. अर्थात कुणीतरी तो वाहून नेत असणार.

तो वाहणारा १९८५ मध्ये अमेरिकेतल्या वुड्स होल इथे सापडला. समुद्रातल्या माखूळ माशाची एक चेता इतकी जाड असते की टूथपेस्टच्या ट्यूबसारखी दाबून तिच्यातला ऐवज बाहेर काढता येतो. रॉन व्हेल, टॉम रीझ आणि मायकेल शीट्झ यांनी त्या ऐवजातून एक प्रथिन वेगळं केलं. ते घातलं की प्लास्टिकचे बारीक मणी सूक्ष्मनलिकेवरून आपोआप चालू लागत. व्हेल तेव्हा विद्यार्थीच होते. या प्रथिनाला त्यांनी कायनेसिन म्हटलं, ग्रीक भाषेत चालणं या अर्थाचं नाव. त्याच्या वीस वर्षं आधी इयान गिबन्स यांनी एका पेशीच्या जिवाच्या हलणाऱ्या केसांत डायनीन शोधलं होतं. आपल्या श्वासनलिकेतले कफ वर ढकलणारे केस आणि शुक्राणूची शेपटी डायनीनवरच हलतात. पेशीच्या आत माल वाहणारं डायनीनही पुढे सापडलं. मायोसिन या तिसऱ्या घराण्याची ओळख स्नायूंमुळे १९ व्या शतकापासूनच होती.

ही झाली मोटर प्रथिनं. मी त्यांना हमाल म्हणतो. कायनेसिनला दोन पाय असतात. एटीपी या इंधनाचा एक कण जळला की एक पाऊल, आणि पाऊल ८ नॅनोमीटरचं, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये सव्वा लाख पावलं. पाठीवर ओझं, पायाखाली सूक्ष्मनलिका. बहुतेक कायनेसिन पेशीच्या मध्यापासून कडेकडे जातात, डायनीन कडेकडून मध्याकडे. आपल्या दोन्ही तालुक्यांत अजून रेल्वे आलेली नाही, म्हणून रस्त्याचंच उदाहरण घ्या. नारायणगावच्या बाजारातून टोमॅटोचे ट्रक निघतात. ट्रक चांगला, डिझेल भरलेलं, ड्रायव्हर तयार, पण पुढचा रस्ताच उखडलेला असेल तर माल जागेवर सडतो. कॉल्चिसिन हमालाला हात लावत नाही. ते ट्युब्युलिनच्या कणाला चिकटतं आणि रस्त्याची पुढची बांधणी थांबवतं.

आता विभागणीकडे परत या. पेशीची दोन टोकं ठरतात, त्यांपासून सूक्ष्मनलिका निघतात आणि सूत कातायच्या चातीसारखा, मधे फुगीर नि टोकांना निमुळता सांगाडा तयार होतो. एका जातीचं कायनेसिन समोरासमोरच्या नळ्यांत पाय रोवून दोन टोकं लांब ढकलतं. दुसरं गुणसूत्रांना ओढत मध्यरेषेवर आणतं. डायनीन नळ्यांची टोकं एकत्र बांधून ठेवतं. मग हजेरी होते: प्रत्येक गुणसूत्राला दोन्ही बाजूंनी दोर लागला का? एक जरी सुटं असेल तर पेशी पुढे जात नाही, वाट पाहते. सगळं जुळलं की जोड्या सुटतात, अर्ध्या इकडे, अर्ध्या तिकडे, आणि शेवटी मायोसिनचं कडं पेशीच्या कमरेला करगोट्यासारखं आवळतं. मला विचाराल तर शरीरात याहून देखणं काम दुसरं नाही.

या चातीतल्या नळ्या सतत बनत आणि मोडत असतात. कॉल्चिसिन आलं की मोडणं चालू राहतं, बनणं थांबतं. चाती विरघळते. हजेरी पूर्ण होत नाही. पेशी अडकते आणि बराच वेळ वाट पाहून बहुधा मरते. पर्निचेंना कुत्र्याच्या आतड्यात हेच दिसलं होतं.

हमालांवरचं पुढचं काम आपल्याकडेही झालं आहे. खोडदच्या ३० प्रचंड दुर्बिणी ज्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या, तिच्याच मुंबईच्या प्रयोगशाळेत रूप मल्लिक यांनी लेसर किरणाच्या चिमट्यात पेशीतला एकेक कण पकडून हमालांची ताकद मोजली. कायनेसिन एकटं दांडगं असतं, डायनीन एकेकटं कमजोर, पण टोळीने ओढतं. एकाच ओझ्यावर दोघांची रस्सीखेच चालते, हे त्यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवलं. पुढे उंदरांच्या यकृतात त्यांना दिसलं की जेवण झाल्यावर इन्सुलिन कायनेसिनला चरबीच्या थेंबांवर चढवतं आणि उपाशीपोटी ते उतरतं. म्हणजे यकृतातली चरबी रक्तात किती जायची, यातही हमालांचा हात आहे. मल्लिक यांना २०१८ चा इन्फोसिस पुरस्कार याच कामासाठी मिळाला. पुण्याच्या आयसरमध्ये चैतन्य आठले यांचा गटही हमाल आणि सूक्ष्मनलिका यांच्या यांत्रिकीवर काम करतो.

रस्ता न तोडता फक्त हमालाला थांबवता आलं तर? १९९९ मध्ये १६ हजारांहून अधिक रसायनं चाळून मोनास्ट्रॉल सापडलं. ते चातीची टोकं ढकलणाऱ्या कायनेसिनलाच अडवतं. त्यावरून कर्करोगाची औषधं करायचे प्रयत्न झाले, अजून त्यांतून रोजच्या वापराचं औषध आलेलं नाही. रस्ता तोडणारी औषधं मात्र आहेत. दारातल्या सदाफुलीपासून मिळणारी व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिन्ब्लास्टीन १९६० च्या आसपास सापडली. तीही ट्युब्युलिनलाच धरतात. सदाफुली मधुमेहावर चालते अशी लोकसमजूत होती, ती तपासताना कॅनडात प्राण्यांच्या पांढऱ्या पेशी घटलेल्या दिसल्या आणि रक्ताच्या कर्करोगावरचं औषध हाती आलं. साखरेसाठी रोज सकाळी सदाफुलीची पानं चावणाऱ्यांनी हे वाक्य कृपया दोनदा वाचावं. व्हिन्क्रिस्टीन घेणाऱ्यांचे हातपाय बधिर होतात, त्याचं कारणही आता तुम्हाला कळेल: कमरेपासून बोटापर्यंतचा तोच लांब रस्ता.

गाऊटमध्ये ते कसं चालतं

गाऊटमध्ये सांध्यात युरिक अॅसिडचे स्फटिक साचतात. ते शत्रू समजून रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिकडे धाव घेतात. पेशीचं हे चालणं म्हणजेही मोटरचंच काम: मायोसिन मागचा भाग आवळतं, पुढचा भाग पसरतो, आणि कुठल्या दिशेला जायचं ते ठरवायला सूक्ष्मनलिका लागतात. दाहाचा भोंगा वाजवणारी यंत्रणा जुळवायलाही पेशीतली वाहतूक लागते. कॉल्चिसिन पांढऱ्या पेशींत साठून राहतं, त्यामुळे थोडं औषधही त्यांचं चालणं-चिकटणं बिघडवायला पुरतं. स्फटिक तसेच राहतात, दंगल शमते. म्हणूनच ही गोळी युरिक अॅसिड कमी करत नाही, त्यासाठी वेगळं औषध लागतं.

पूर्वी डॉक्टर सांगत, दर तासाला गोळी घ्या, जुलाब लागले की थांबा. आज मागे वळून पाहिलं तर अंगावर काटा येतो, कारण ते जुलाब म्हणजे आतड्याच्या पेशी विभागायच्या थांबल्याची खूण होती. २०१० मध्ये छापलेल्या एका चाचणीत ४.८ मिलिग्रॅमइतकाच गुण १.८ मिलिग्रॅमने आला, जुलाब मात्र खूपच कमी. कमी मात्रेत चालणं थांबतं, तेवढंच आपल्याला हवं असतं. मात्रा वाढवली की गुण वाढत नाही, विभागणी थांबू लागते. म्हणून ठणका राहिला नाही तर आणखी दोन गोळ्या स्वतःहून टाकू नका. मूत्रपिंड किंवा यकृत कमजोर असेल तर नेहमीचीही मात्रा जास्त होऊ शकते. घशासाठी क्लॅरिथ्रोमायसिन, रक्तदाबासाठी व्हेरापामिल अशी काही औषधं कॉल्चिसिन शरीराबाहेर जाऊ देत नाहीत. दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर ही गोळी चालू आहे हे आधी सांगा.

आणि कळलावीचा कंद. डोंगरातल्या आपल्या लोकांना चाईचा कंद कुठला आणि कळलावीचा कुठला हे चांगलं कळतं. घोळ होतो तो न ओळखणाऱ्याने उकरला की. उकडून विष जाईल या भरवशावर राहू नका. बाळंतपणासाठी तो आता घरात ठेवायचं काहीच कारण उरलेलं नाही. खाल्ल्यावर काही तास काहीच होत नाही, मग उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब लागतात, कारण आतड्याचं अस्तर दर काही दिवसांनी नवं होतं. लोकांना वाटतं कॉलरा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उलट्या थांबून जरा बरं वाटू शकतं. खरा धोका तिथून पुढे: अस्थिमज्जेत पांढऱ्या पेशी तयार होणं थांबलेलं असतं, संसर्ग, रक्तस्राव, मूत्रपिंड आणि हृदय बंद पडणं हे सगळं याच काळात होतं. जे वाचतात त्यांचे केस आठवड्या-दोन आठवड्यांनी गळतात. केसांची मुळंही सतत विभागणारीच. ते पुन्हा येतात.

याला नेहमीच्या वापरातला उतारा नाही, डायलिसिसनेही विष निघत नाही. पहिल्या काही तासांत पोट साफ करणं, कोळशाची औषधी पूड देणं आणि पुढचे काही दिवस आयसीयूत सांभाळणं, एवढंच आमच्या हातात असतं. म्हणून उलट्या व्हायची वाट न पाहता निघा. मीठ-पाणी पाजून उलटी काढायच्या फंदात पडू नका. रोग्याला थेट मोठ्या रुग्णालयात न्या, आणि येताना उरलेल्या कंदाचा तुकडा किंवा वेलीचं पान पिशवीत घालून सोबत आणा.